विश्लेषण : स्कीवरचा बूट सुटावा की सुटू नये? 'टेरेन पार्क'साठी बाइंडिंग निवडताना गुडघा का पणाला लागतो?

मिलान-कॉर्टिना हिवाळी ऑलिम्पिकमध्ये फेब्रुवारी २०२६मध्ये इटलीतील लिविन्योच्या उतारांवर फ्रीस्टाइल स्कीइंगच्या स्पर्धा झाल्या. लोखंडी रेलवर आडवे घसरणारे, हवेत गिरक्या घेऊन पाठमोरे उतरणारे स्कीपटू अनेकांनी मोबाइलच्या पडद्यावर पाहिले. ते पाहून 'टेरेन पार्क'कडे वळणारी मुले आणि त्यांचे पालक दुकानात गेले की आधी स्कीचा रंग, रुंदी आणि तिच्यावरचे चित्र पाहतात. बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या बाइंडिंगकडे लक्ष जाते ते सर्वांत शेवटी. खरेतर पडण्याच्या क्षणी काय होणार, हे बऱ्याच अंशी तेच ठरवते.

टेरेन पार्क म्हणजे नेमके काय?

स्की रिसॉर्टमधील एखादा उतार वेगळा काढून त्यावर बर्फाच्या उड्या, लोखंडी नळ्या म्हणजे रेल आणि सपाट पृष्ठभागाचे बॉक्स मांडले जातात. त्याला टेरेन पार्क म्हणतात. अडथळ्यांची लहान, मध्यम, मोठे अशी वर्गवारी असते आणि तसे फलकही असतात. नेहमीच्या उतारावर स्कीपटू कडा बर्फात रोवून वळतो, वेग आवरतो. पार्कमध्ये तो स्की आडवी टाकून धातूवरून घसरतो, उडी मारतो आणि अनेकदा पाठमोरा जमिनीवर येतो. याला 'स्विच' उतरणे म्हणतात. साहित्यावर पडणारा ताण त्यामुळे निराळा असतो. वळणातला दाब हळूहळू वाढतो, उतरतानाचा धक्का मात्र क्षणार्धात बसतो. रेलच्या टोकाला स्की आपटली तर तो धक्का बाजूने येतो. साध्या उतारासाठी उत्तम ठरलेले साहित्य इथे कमी का पडते, याचे उत्तर बरेचसे या फरकात आहे.

हा खेळ ऑलिम्पिकमध्ये कसा आला?

१९९०च्या दशकात स्नोबोर्डवाल्यांनी पार्क गाजवले तेव्हा स्कीवाले तिथे उपरे मानले जात. १९९८च्या सुमारास सॉलोमन कंपनीची 'टेनएटी' ही दोन्ही टोके वर वळलेली स्की बाजारात आली. तिच्यामागे माइक डग्लस, जे. पी. ऑक्लेअर, जे. एफ. क्यूसाँ आदी कॅनेडियन स्कीपटूंचा आग्रह होता. 'न्यू कॅनेडियन एअर फोर्स' या टोपणनावाने ही मंडळी ओळखली जात. दोन टोकांची स्की त्याआधीही बनली होती, पण पाठमोरे उतरणे रुळले ते या पिढीपासून. पुढे फ्रीस्की हाफपाइप आणि स्लोपस्टाइल २०१४च्या सोची ऑलिम्पिकमध्ये दाखल झाले. तिथे पुरुषांच्या स्लोपस्टाइलची तिन्ही पदके अमेरिकेने नेली. बिग एअर हा प्रकार २०२२मध्ये बीजिंगला आला. हाफपाइपच्या समावेशासाठी झटलेली कॅनडाची सारा बर्क ते पाहायला नव्हती. जानेवारी २०१२मध्ये अमेरिकेतील पार्क सिटी येथे सरावात झालेल्या अपघातानंतर तिचा मृत्यू झाला.

बाइंडिंगचे काम धरण्याचे की सोडण्याचे?

दोन्ही. गोंधळाचे मूळही हेच आहे. आल्पाइन बाइंडिंगचे दोन भाग असतात. पुढचा भाग बुटाचे टोक धरतो आणि पाय पिळला गेला की बाजूला सोडतो. मागचा भाग टाच धरतो आणि स्कीपटू पुढे तोंडावर पडू लागला की टाच वर सोडतो. दोन्हीकडे स्प्रिंग असतात. स्प्रिंग किती घट्ट करायची हे दाखवणाऱ्या आकड्याला बोलीभाषेत 'डिन' म्हणतात. मूळच्या जर्मन मानकावरून हे नाव पडले. आज त्यामागे आंतरराष्ट्रीय मानके आहेत. बाइंडिंग कसे असावे हे 'आयएसओ ९४६२' सांगते. दुकानात बूट, बाइंडिंग आणि स्की यांची जुळणी व तपासणी कशी करावी, हे 'आयएसओ ११०८८' सांगते.

हा आकडा पकडीच्या दर्जाचा नसतो. जास्त आकडा म्हणजे अधिक चांगले बाइंडिंग, असा समज पार्कमध्ये सर्रास आढळतो. प्रत्यक्षात आकडा एवढेच सांगतो, की सुटण्यासाठी किती जोर लागेल. तो जोर कुणाच्या तरी नडगीच्या हाडातून जाणार असतो.

आकडा कसा ठरतो?

तंत्रज्ञ पाच गोष्टी विचारतो. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्कीपटूचा प्रकार. वजन आणि उंची तक्त्यात वेगवेगळ्या ओळींवर आली, तर त्यातली सौम्य ओळ धरली जाते. दहा वर्षांखालील मुले आणि पन्नाशी गाठलेले लोक यांच्यासाठी आणखी एक पायरी खाली उतरले जाते. तळव्याची लांबी मोजतात, कारण लांब बूट म्हणजे लांब तरफ. त्याच जोरासाठी लांब बुटाला कमी आकडा पुरतो. ही लांबी मिलिमीटरमध्ये बुटाच्या टाचेजवळ कोरलेली असते. बुटाच्या मापाशी तिची गल्लत करू नये.

पाचवी बाब स्कीपटू स्वतः सांगतो. सावध आणि हळू चालणारा पहिल्या प्रकारात, मध्यम चालीचा दुसऱ्यात, वेगाने व आक्रमक स्कीइंग करणारा तिसऱ्यात मोडतो. पार्कमध्ये जायचे म्हटले की तिसरा प्रकार सांगायचा, असा एक रिवाजच पडला आहे. बॉक्सवरून पहिल्यांदा घसरणारा चौदा वर्षांचा मुलगा केवळ पार्कमध्ये जातो म्हणून आक्रमक ठरत नाही. त्याचा वेग बेताचा असतो आणि पडणे वारंवार असते. अशा मुलाचे बाइंडिंग वेळेवर सुटणे जास्त गरजेचे आहे.

अंदाज यावा म्हणून सांगायचे, तर ७० किलोच्या आसपास वजनाच्या तरबेज प्रौढाचा आकडा तक्त्यानुसार बहुधा ६ ते ८च्या दरम्यान निघतो. नेमका आकडा मात्र प्रशिक्षित तंत्रज्ञानेच काढावा. बाइंडिंगवरची खूणही केवळ निर्देशक असते. स्प्रिंग जुनी झाली, आत मळ गेला किंवा बुटाचा तळ झिजला, की खूण ७वर असूनही प्रत्यक्ष जोर वेगळाच भरतो. म्हणून चांगल्या दुकानात यंत्रावर बूट पिळून सुटण्याचा जोर मोजला जातो. मोजणी करून घेणे आणि पेचकसाने आकडा फिरवून घेणे यांत मोठे अंतर आहे.

पार्कमधले स्कीपटू आकडा का चढवतात?

त्यांच्या बाजूनेही एक खरी भीती आहे. बाइंडिंग अवेळी सुटण्याची. उडीच्या टोकावरून निघताना किंवा रेलवर चढताना एक स्की निसटली, तर स्कीपटू हवेत एका पायावर आणि खाली लोखंड, अशी अवस्था होते. ज्याने हे एकदा अनुभवले तो दुसऱ्या दिवशी आकडा दोन घरांनी चढवतो. चूक नैसर्गिक आहे, पण ती चूकच आहे. कारण अवेळी सुटण्याचे कारण पुष्कळदा आकड्यात नसतेच.

पहिला संशयित असतो टाचेचा पुढचा दाब. बूट बसवल्यावर टाचेचा भाग त्याला ठरावीक जोराने पुढे ढकलत राहायला हवा. उतरताना स्की वाकते, तेव्हा टोक आणि टाच यांतले अंतर किंचित बदलते. हा बदल टाचेचा भाग रुळावर मागे-पुढे सरकून सामावून घेतो. दाब कमी असेल, तर स्की वाकताच बूट सैल पडतो. बहुतेक बाइंडिंगवर हा दाब बरोबर आहे की नाही, हे दाखवणारी खूण असते. दुसऱ्याचा बूट घालून पाहिला, भावंडांनी स्की वाटून घेतल्या, नवे बूट घेतले पण बाइंडिंग तेच ठेवले, अशा वेळी ही खूण जागेवर नसते आणि कुणी पाहतही नाही.

दुसरे कारण बर्फ. रेलचा प्रयत्न फसला की स्की काढून हातात घ्यायची आणि चालत पुन्हा वर जायचे, हा पार्कमधला नेहमीचा प्रकार. बुटाच्या तळाला बर्फ घट्ट बसतो, तसाच बूट बाइंडिंगमध्ये दाबला जातो आणि टाच पूर्ण बसतच नाही. 'खट्' आवाज आला म्हणजे झाले असे नाही. बुटाचा तळ खरवडून घेणे हा फुकटचा उपाय आहे आणि तरीही सर्वाधिक टाळला जाणारा.

तिसरे कारण झिजलेले तळवे. डांबरी वाहनतळावर आणि लोखंडी जिन्यांवर बूट घालून हिंडल्याने टोक आणि टाच घासली जाते. बाइंडिंग जो आकार धरायला बनले आहे तो आकारच उरत नाही. अनेक बुटांचे हे तुकडे बदलता येतात. बुटाच्या टोकाखालची घर्षण कमी करणारी पट्टी खराब झाली असेल, तर उलटा प्रकार होतो. सुटायला हवे तेव्हा बूट अडकून राहतो.

या सगळ्यांची तपासणी न करता केवळ आकडा चढवला, तर मूळ दोष तसाच राहतो आणि सुटण्याची वाट मात्र अरुंद होते.

मग गुडघ्याचे काय?

अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातील शुगरबुश या स्की रिसॉर्टमध्ये कार्ल एटलिंगर, रॉबर्ट जॉन्सन आणि जॅस्पर शीली यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभापासून दुखापतींची नोंद ठेवली. त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. बाइंडिंग सुधारत गेली तशी नडगीची हाडे मोडण्याचे प्रमाण खूप घटले. पण गुडघ्यातील एसीएल या अस्थिबंधाच्या दुखापतींना तो दिलासा मिळाला नाही. १९८०च्या दशकात तर त्या वाढल्या. आज स्कीइंगमधील गंभीर दुखापत म्हटली की पहिले नाव गुडघ्याचेच येते. आंतरराष्ट्रीय स्की महासंघ विश्वचषक पातळीवर ज्या नोंदी ठेवतो, त्यांतही गुडघाच आघाडीवर असतो.

असे का? बाइंडिंगची रचना मुळात नडगी वाचवण्यासाठी झाली. पुढचा भाग पिळले जाण्याला प्रतिसाद देतो, मागचा भाग पुढे पडण्याला. एसीएल मात्र अनेकदा तिसऱ्याच प्रसंगी तुटतो. स्कीपटू मागे झुकलेला, नितंब गुडघ्यांच्याही खाली गेलेले, भार खालच्या स्कीच्या शेपटीच्या आतल्या कडेवर. शेपटी बर्फात रुतून तरफेसारखी वळते आणि गुडघ्याला आत पिळते. व्हरमाँटच्या संशोधकांनी याला 'फँटम फूट', म्हणजे अदृश्य पाय, असे नाव दिले. कारण मागे निघालेली शेपटी उलट दिशेच्या पावलासारखी वागते. हा जोर टाचेच्या जवळ येतो, त्यामुळे टोकाकडच्या भागाला त्याची पुरेशी चाहूल लागत नाही.

पार्कशी अधिक जवळचा आहे तो दुसरा प्रसंग. उडी लांब गेली, स्कीपटू उतार संपून सपाटीवर आला आणि आधी शेपट्या टेकल्या. स्की खाडकन आडवी होते, बुटाची ताठ मागची भिंत नडगीला पुढे ढकलते आणि पडू नये म्हणून मांडीचा स्नायू आवळलेलाच असतो. एसीएल तुटायला एवढे पुरते. त्या क्षणी टाच खाली दाबलेली असते, त्यामुळे वर सुटण्याचा प्रश्नच येत नाही. काही बाइंडिंगच्या टोकाच्या भागाला वरच्या दिशेनेही सुटण्याची सोय असते. तिचा उपयोग होऊ शकतो, पण तिच्या भरवशावर सपाटीवर उतरणे शहाणपणाचे नाही.

याचा अर्थ असा, की आकडा चढवला तर नडगीचा धोका वाढतो आणि योग्य ठेवला तरी गुडघ्याला हमी मिळत नाही. टाच बाजूलाही सुटू शकेल अशी बाइंडिंग याच कारणाने बनवली गेली. व्हरमाँटची 'नीबाइंडिंग' आणि टिरोलियाची 'प्रोटेक्टर' ही त्यातली परिचित नावे. कल्पना पटण्यासारखी आहे. पण रेलवर स्की आडवी टाकली, की बाजूचा जोर टाचेवर येतो. तेव्हा टाच सुटावी की धरून राहावी, हा पेच पार्कमध्ये अधिक तीव्र होतो. उतारावर सहकुटुंब फिरणाऱ्यासाठी जे आकर्षक, ते रेलवरच्या मुलासाठी आपोआप योग्य ठरत नाही.

एसीएलची शस्त्रक्रिया झाली, तर खेळात परतायला साधारण नऊ महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो. म्हणजे तो हंगाम गेला आणि पुढच्याचा आरंभही.

मग बाइंडिंग निवडायचे तरी कसे?

आपला आकडा बाइंडिंगच्या पट्ट्याच्या मधोमध यावा, हा पहिला नियम. मार्करचे 'ग्रिफन' ४ ते १३ या पट्ट्याचे असते. ज्याचा आकडा ७ आहे त्याला ते नीट बसते. लुकचे 'पिव्हट १८' ८पासूनच सुरू होते. म्हणजे त्याच ७ आकड्याच्या स्कीपटूला ते सर्वांत सैल केले तरी घट्टच. तरीही ऑलिम्पिकपटूच्या पायाखाली पाहिले म्हणून ते मागणारे गिऱ्हाईक असते. पट्ट्याच्या अगदी खालच्या टोकाला स्प्रिंग ठेवणे आणि अगदी वरच्या टोकाला ठेवणे, दोन्ही टाळावे.

दुसरी बाब जास्त महत्त्वाची आणि जाहिरातीत कमी दिसणारी. बूट थोडा सरकून पुन्हा जागेवर येण्याची बाइंडिंगची क्षमता. छोटा धक्का बसला की चांगले बाइंडिंग बुटाला काही मिलिमीटर सरकू देते आणि धक्का ओसरताच परत मध्यावर आणते. सुटते ते ही मर्यादा ओलांडली तरच. ही मर्यादा जितकी मोठी, तितका आकडा न चढवता बूट टिकून राहतो. पार्कवाल्यांना हवे असते ते नेमके हेच. लुकच्या 'पिव्हट' मालिकेची मागणी यातूनच आली आहे. तिचा टाचेचा भाग चकतीवर बुटासह गोल फिरतो आणि स्कीवर फार थोडी जागा व्यापतो, त्यामुळे स्की पायाखाली मोकळी वाकते. तोटेही आहेत. पाय घालायला किंचित कटकट होते आणि बुटाची लांबी बदलली तर पुढे-मागे सरकवायला फार कमी वाव मिळतो. ज्या मुलाचे पाऊल अजून वाढत आहे, त्याच्यासाठी लांब रुळावर सरकणारे साधे बाइंडिंग व्यवहारी ठरते. मार्कर, टिरोलिया, सॉलोमन यांची या वर्गातली बाइंडिंग पार्कमध्ये वर्षानुवर्षे वापरात आहेत.

बुटाचा तळ कोणत्या जातीचा, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पारंपरिक आल्पाइन तळ 'आयएसओ ५३५५'चा, चालायला सोपा रबरी 'ग्रिपवॉक' तळ 'आयएसओ २३२२३'चा आणि टूरिंगचा तळ 'आयएसओ ९५२३'चा. बूट आत बसला म्हणजे जुळला असे होत नाही. जुने केवळ आल्पाइन बाइंडिंग आणि नवा ग्रिपवॉक बूट ही जोडी दुकानदाराने नाकारली, तर तो गिऱ्हाईक तोडत नसतो. हलक्या वजनाचे, खिळ्यांवर बूट पेलणारे टूरिंग बाइंडिंग तर पार्कमध्ये नकोच.

ब्रेकची रुंदी हा शेवटचा तपशील. स्कीच्या कमरेइतकी किंवा तिच्याहून पंधरा मिलिमीटरपर्यंत जास्त. त्याहून रुंद ब्रेक रेलला आणि दुसऱ्या स्कीला अडतात.

आणि स्की?

पार्कची स्की बहुधा कमरेला ८५ ते ९५ मिलिमीटर रुंद, दोन्ही टोके वर वळलेली आणि लांबीला नाकापासून डोक्यापर्यंत असते. मऊ स्की रेलवर सहज वाकते, चुका पोटात घालते. पण मोठ्या उडीवरून उतरताना तीच स्की शेपटीकडे दुमडते आणि स्कीपटू मागे बसतो. गुडघ्याचा तो दुसरा प्रसंग इथूनच सुरू होतो. त्यामुळे केवळ रेलवर रमणाऱ्याला मऊ, उड्यांवर जाणाऱ्याला ताठ, हा ढोबळ हिशेब दुर्लक्षण्याजोगा नाही. नवख्याला मध्यम ताठपणाची स्की घेऊन द्यावी. तो पुढे कुठे वळेल हे त्यालाही ठाऊक नसते.

टिकाऊपणा पाहायचा तो कडांमध्ये आणि बाजूच्या भिंतीत. पार्कच्या अनेक स्कींना नेहमीपेक्षा जाड पोलादी कडा आणि पायाखाली उभी, जाड प्लॅस्टिकची बाजू दिलेली असते. रेलवर आपटून कडेला तडा गेला, की पाणी आत शिरून लाकडी गाभा फुगू लागतो. बहुतेक कंपन्यांची वॉरंटी रेलवरची मोडतोड भरून देत नाही, हे बिलावरच्या बारीक अक्षरांत असते. रेलसाठी पायाखालची कड थोडी बोथट करण्याची पद्धत आहे. धारदार कड धातूच्या खाचेत अडकली तर स्कीपटू जागीच फेकला जातो. मात्र बोथट कडेने पहाटेच्या टणक बर्फावर उडीकडे जाताना पकड राहत नाही. हौसेने कानस फिरवण्याआधी पार्कमध्ये जास्त वेळ कुठे जातो, याचा विचार केलेला बरा.

बाइंडिंग कुठे बसवायचे यावरून वाद का?

साध्या स्कीवर बूट मध्यापासून बराच मागे, अनेकदा ६ ते १० सेंटिमीटर मागे असतो. पार्कच्या स्कीवर तो नेमक्या मध्यावर किंवा एक ते तीन सेंटिमीटर मागे येतो. मध्यावर बसवले की दोन्ही बाजूंना सारखे वजन, गिरकी सोपी, पाठमोरे उतरणे नैसर्गिक. पण पुढे स्की कमी उरते, त्यामुळे मऊ बर्फात टोके बुडतात. आठवड्यातला एकच दिवस पार्कमध्ये आणि उरलेले दिवस डोंगरभर फिरणाऱ्याने दोन-तीन सेंटिमीटर मागेच राहावे. हा निर्णय ड्रिल लावण्याआधी घ्यायचा. एकदा भोके पडली की दुसरी भोके त्यांच्यापासून सुरक्षित अंतरावरच पाडता येतात. दोन-तीनदा जागा बदललेल्या स्कीमध्ये स्क्रू धरायला लाकूडच कमी उरते.

जुने सामान घ्यावे का?

स्की जुनी घ्यायला फारशी हरकत नाही. बाइंडिंगच्या बाबतीत मात्र एक अडचण आहे आणि ती किमतीत दिसत नाही. उत्तर अमेरिकेत बाइंडिंग कंपन्या दर हंगामात एक यादी काढतात. त्या यादीतल्या मॉडेलवर काम करताना दुकानाने ठरलेली पद्धत पाळली असेल, तर कायदेशीर दाव्यात कंपनी दुकानाच्या पाठीशी उभी राहते. जुनी मॉडेल यादीतून गळत जातात. गळलेल्या बाइंडिंगला दुकान हात लावत नाही, साधी तपासणीही करत नाही. स्वस्तात मिळालेली जोडी घेऊन पालक दुकानात जातात आणि 'हे आम्ही लावू शकत नाही' असे ऐकून परततात. मग घरीच पेचकस निघतो, इंटरनेटवरून आकडा काढला जातो. त्या मुलाच्या पायाखालच्या बाइंडिंगचा जोर कुणीच मोजलेला नसतो. अमेरिका, कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले शाळेच्या मित्रांबरोबर पार्कमध्ये जाऊ लागतात, तेव्हा आई-वडिलांना या खेळाचा स्वतःचा अनुभव नसतो. जुने सामान घेण्याआधी मॉडेलचे नाव दुकानाला फोन करून विचारणे, एवढे त्यांना सहज करता येते.

दुबईत राहणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. 'स्की दुबई' या २००५मध्ये सुरू झालेल्या बंदिस्त उतारावर रेल आणि उड्यांचा विभाग असतो, तिथे सामान भाड्याने मिळते. गुलमर्ग आणि औलीलाही बहुतेक भारतीय पर्यटक भाड्याच्या स्कीवरच शिकतात. भाड्याच्या काउंटरवर वजन विचारले नाही, बुटाची लांबी पाहिली नाही आणि स्की हातात ठेवली, तर रांगेत मागे कितीही लोक उभे असले तरी तिथेच थांबून आकडा लावून मागावा. तिसरा प्रकार सांगून फुशारकी मारण्याची ती जागा नव्हे.

इतके ब्रँड, तरी निवड अवघड का?

दुकानाच्या भिंतीवर नावे पुष्कळ दिसतात, बाइंडिंग बनवणारे मात्र मोजके आहेत. लुक हे रोसिन्योल समूहाचे, टिरोलिया हे हेडचे, मार्कर हे फोल्कल आणि डॅल्बेलो यांच्याबरोबरचे. सॉलोमन, अटॉमिक आणि आर्माडा एकाच अमर स्पोर्ट्सच्या छत्राखाली येतात. टेनिसची विल्सनही याच कंपनीची. २०१९मध्ये चीनच्या अँटाच्या नेतृत्वाखालील गटाने ती विकत घेतली आणि फेब्रुवारी २०२४मध्ये तिची न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंदणी झाली. त्यामुळे दोन वेगळ्या नावांच्या बाइंडिंगचे यंत्र आत सारखेच असू शकते, फरक रंगाचा आणि किमतीचा. आर्माडाचा उगम तर २००२मध्ये मोठ्या कंपन्यांना कंटाळलेल्या स्कीपटूंनी स्वतःची स्की बनवावी म्हणून झाला होता. 'टेनएटी'च्या मागे असलेले ऑक्लेअर आणि क्यूसाँ त्यातही होते. २०१७मध्ये अमरने आर्माडा घेतली आणि हा नवा ब्रँड पुन्हा सॉलोमनच्याच घरात येऊन बसला.

खरेदीच्या पैशांचा क्रम लावायचा झाला, तर पायाला नीट बसणारा बूट आधी, मग त्या बुटाशी जुळणारे आणि आकडा मधोमध येणारे बाइंडिंग, त्यानंतर यंत्रावरची मोजणी आणि उरलेल्या रकमेत स्की. दुकानात बहुतेकदा हाच क्रम उलटा लागतो. स्की नवी, चकचकीत. बाइंडिंग सवलतीतले. बूट थोरल्या भावाचे, दोन माप मोठे आणि टाचेला झिजलेले.